दोन इंचांचं अक्षर

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्सबरोच्या स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम चालू होता. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरत फिरत एका जोडीवर थांबला. तिनं तोंड झाकून पाठ फिरवली, तो खाली वाकून गायब झाला. सगळा ऐवज काही सेकंदांचा. दोघं एकाच कंपनीत वरच्या पदांवर आहेत आणि एकमेकांचे नवरा-बायको नाहीत, हे जगाला कळायला एक रात्र पुरली. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी टँकर कधी येणार आणि लिफ्ट कधी दुरुस्त होणार यापलीकडे चर्चा जात नाही, तिथेही तो व्हिडिओ चार जणांनी टाकला. एका काकांनी लिहिलं, पूर्वी असल्यांची गाढवावरून धिंड काढायचे, तेच बरं होतं. एका तरुण मुलीनं उत्तर दिलं, ही तुमची प्युरिटन मनोवृत्ती. (प्युरिटन म्हणजे सतराव्या शतकातले कर्मठ इंग्लिश प्रोटेस्टंट; त्यांतले बरेच अमेरिकेत जाऊन वसले.) काका मागे हटणारे नव्हते: प्युरिटन होते म्हणूनच तर अमेरिका उभी राहिली, त्या लोकांना लाज होती! पुढचे दोन दिवस हीच झकाझकी. वर्तमानपत्रांतून आणि चॅनेलांवरून झालेली चर्चा याहून फार वरच्या पट्टीतली होती असं नाही. एका बाजूला ‘प्युरिटन’ ही शिवी, दुसऱ्या बाजूला तोच आदर्श, आणि खऱ्या प्युरिटनांनी नेमकं काय केलं याची चौकशी कुणीच केली नाही. फॉक्सबरो मॅसॅच्युसेट्समध्येच आहे, म्हणजे ज्यांच्या नावानं हे भांडण चाललं होतं त्यांच्याच अंगणात, याकडेही फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

माझं म्हणणं असं आहे. मोबाइलवरच्या या धिंडीला प्युरिटन म्हणणं हा प्युरिटनांवर अन्याय आहे. त्यांच्याकडे फिर्याद होती, पुराव्याचा नियम होता, शिक्षेला माप होतं आणि चुकलेल्या माणसाला परत घरात घ्यायची रीत होती. आणि एवढं सगळं असूनही लोकांसमोर लाज काढून संसार सांभाळायचा त्यांचा प्रयोग साफ फसला. ‘आजची बदनामी बेछूट आहे एवढंच, ती नीट, नियमानं, प्रमाणात केली तर समाजाच्या भल्याचीच’ असं ज्यांना मनातून वाटतं, त्यांनी सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्सचं दप्तर एकदा उघडून बघावं. त्यांच्याइतकं नियमानं हे काम पुन्हा कुणी करणार नाही.

आधी चित्र दुरुस्त करू. प्युरिटन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर छातीवर लाल अक्षर घेऊन उभी असलेली बाई येते. ते चित्र १८५० साली आलेल्या एका अमेरिकन कादंबरीनं जगाला दिलं. कादंबरी घडते १६४०च्या दशकातल्या बॉस्टनमध्ये. पण त्या काळच्या बॉस्टनमध्ये व्यभिचाराला अक्षर नव्हतं, फास होता. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या कोर्टानं १६३१ मध्येच ठरवून टाकलं की दुसऱ्याच्या बायकोशी संग करणारा पुरुष आणि ती बायको, दोघांनाही मृत्युदंड. १६४१ मध्ये नॅथॅनिएल वॉर्ड या धर्मोपदेशकानं रचलेली संहिता मंजूर झाली. तिच्या ९४व्या कलमात देहदंडाचे बारा गुन्हे मोजले आहेत आणि जवळजवळ प्रत्येकापुढे बायबलचा आधार. व्यभिचारापुढे लेवीय, अध्याय २०. कापडी अक्षराची शिक्षा होती ती शेजारच्या प्लिमथ वसाहतीत. तिथे १६४१ साली एका अविवाहित पुरुषाला आणि एका विवाहित स्त्रीला दोन गावांत फटके मारून ‘ए’ आणि ‘डी’ अशी (‘ॲडल्टरी’ म्हणजे व्यभिचार, या शब्दातली) दोन अक्षरं कपड्यांवर बाळगायला लावली, आणि १६५८ मध्ये तसा कायदाच केला. बॉस्टनकरांना अक्षरापर्यंत यायला १६९४ साल उजाडलं. ते का उजाडलं, ही या सगळ्यातली खरी गोष्ट आहे.

मार्च १६४४. बॉस्टनमध्ये मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना व्यभिचारासाठी फाशी झाली. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपनं आपल्या दप्तरात ही हकीकत लिहून ठेवली आहे, आणि माणूस कितीही कर्मठ असला तरी लिहिताना प्रामाणिक होता. मेरी अठरा वर्षांची. चांगल्या, देवभीरू घरातली. जो मुलगा मनात होता त्यानं नकार दिला, तेव्हा रागाच्या भरात तिनं ठरवलं की आता जो पहिला मागणी घालेल त्याच्याशी लग्न. तो निघाला एक म्हातारा. विन्थ्रॉपच्याच म्हणण्याप्रमाणे धड चालीरीतीचा नाही, धड कर्तबगार नाही आणि तिला न आवडणारा. पुढे तरुण मंडळी तिच्याभोवती घोटाळू लागली, वाइन पाजू लागली. जेम्सला एकाएकी लकव्यानं गाठलं आणि त्या धसक्यानं त्यानं आपलं पाप कबूल केलं. मेरीनं आधी नाकारलं. काही न्यायाधीशांचं म्हणणं पडलं की तिच्याविरुद्ध दोन प्रत्यक्ष साक्षीदार नाहीत, पुरावा अपुरा आहे. ज्युरीनं तरी तिला दोषी ठरवलं. मग तिनं कबुली दिली आणि आणखी बारा पुरुषांची नावं घेतली, त्यांतले दोन विवाहित. पाच जण सापडले, बाकीचे निघून गेले होते. पाचांनी कानांवर हात ठेवले. शिक्षा झालेल्या बाईच्या शब्दापलीकडे पुरावा नाही, म्हणून त्यांच्यावर काही कारवाई होऊ शकली नाही.

तो नियम पुन्हा वाचून पाहा. १६४१च्या संहितेचं ४७वं कलम सांगतं की दोन-तीन साक्षीदारांशिवाय, ‘किंवा त्याच्या तोडीच्या’ पुराव्याशिवाय कुणाचा जीव घेऊ नये. फार चांगला नियम. त्या काळच्या युरोपातल्या कित्येक कोर्टांना लाजवेल असा. पण तो पाच पुरुषांच्या कामी आला आणि त्या अठरा वर्षांच्या पोरीच्या कामी आला नाही. ‘त्याच्या तोडीच्या’ या दोन शब्दांच्या फटीतून ती खाली गेली. नियम दोघांनाही एकच होता, हे मला मान्य आहे. मग फट एकीच्याच वाट्याला का आली?

प्युरिटनांच्या बाजूनं जे खरं आहे ते टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही, आणि ते बरंच आहे. ते लोक जंगलाच्या कडेला वसले होते. तुरुंग म्हणजे खटला उभा राहीपर्यंत माणूस अडकवून ठेवायची कोठडी. वर्षानुवर्षं कैदी पोसायची ऐपतही नव्हती आणि तशी कल्पनाही नव्हती. अशा ठिकाणी तासभर लोकांसमोर उभं करणं हे फाशीपेक्षा आणि डागण्यापेक्षा सौम्यच म्हणायचं. दुसरं, इंग्लंडमध्ये बड्यांच्या भानगडी हसण्यावारी नेत; इथे निदान कागदावर तरी दोघांना एकच शिक्षा होती आणि जेम्स ब्रिटन मेरीच्याच दिवशी फासावर गेला. तिसरं, ज्या संहितेत व्यभिचाराला फाशी आहे, तिच्याच ८०व्या कलमात नवऱ्यानं बायकोला मारू नये असंही लिहिलं आहे. १६४१ मध्ये! आपल्याकडचे अभिमानी लोक ज्या काळाला सुवर्णयुग म्हणतात त्या काळातलं असं एखादं कलम मला कुणी दाखवावं. आणि चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: त्यांची लाज माणसाला हाकलून देण्यासाठी नव्हती, परत आणण्यासाठी होती. चर्चमध्ये उभं राहून कबुली द्यायची, खरा पश्चात्ताप दाखवायचा, मंडळीनं पारखून घ्यायचं आणि मग पुन्हा बाकावर जागा. आजच्या जमावाला माफी मागितलेली चालत नाही. ती त्याला आणखी एक व्हिडिओ वाटते.

ही चौथी गोष्ट खरोखर कशी चाले ते एका माणसावरून बघू. कॅप्टन जॉन अंडरहिल. पीक्वट या मूळ रहिवाशांविरुद्धच्या १६३७च्या युद्धातला नावाजलेला सेनानी, कपड्यांचा शौकीन. लाकडी पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराच्या तरुण बायकोच्या घरी याचं येणं-जाणं. एकदा दार आतून कडी लावलेलं सापडलं. कॅप्टनसाहेबांचा खुलासा असा, की बाई मनानं फार खचली होती, आम्ही दोघं आत प्रार्थना करत होतो. (याच माणसानं आपल्याला मुक्तीची खात्री तंबाखूची पाइप ओढताना पटली असंही सांगितलं होतं, तेव्हा प्रार्थनेबद्दल त्याच्या कल्पना थोड्या सैलच असाव्यात.) पुढे चर्चनं त्याला बहिष्कृत केलं. १६४० मध्ये तो बॉस्टनच्या चर्चमध्ये आला तो आपल्या सगळ्यांत जुन्या कपड्यांत, गळपट्टीशिवाय, मळकी टोपी डोळ्यांपर्यंत ओढून. बाकावर उभा राहिला, रडला, उसासे टाकले आणि सगळं सांगितलं. काय सांगितलं? सांगितलं की त्या बाईनं सहा महिने दाद दिली नाही. इतकी गळ घातल्यावर कुठलीच बाई टिकली नसती असं त्याला वाटलं होतं. मग तो त्या कारागिराकडे गेला, वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकले, क्षमा मागितली. कारागिरानं मोकळ्या मनानं क्षमा केली आणि खूण म्हणून कॅप्टनच्या बायकोला एक भेट पाठवली.

मला हा प्रसंग खोटा वाटत नाही. त्या भेटीपाशी तर मी दर वेळी थांबतो. ज्याचा संसार मोडता मोडता राहिला त्या माणसानं दुसऱ्या मोडलेल्या बाजूची आठवण ठेवली. लाज काढण्याच्या साऱ्या इतिहासात असे क्षण फार थोडे आहेत. पण या प्रसंगात जी बोललीच नाही ती कोण? कारागिराची बायको. तिनं सहा महिने केलेला नकार आणि त्यानंतरची हार हे सगळं भर चर्चमध्ये सांगितलं गेलं ते त्याच्या तोंडून, त्याच्या पश्चात्तापाचा मसाला म्हणून. त्याला परतीची वाट मिळाली. ती वाट तिच्या अब्रूवरून गेली. चर्चनं त्याला पुन्हा आत घेतलं. व्यभिचाराला मृत्युदंड ठरून नऊ वर्षं झाली होती, पण कॅप्टन फासावर गेला नाही. १६४४ साली मेरी लॅथमला फाशी झाली तेव्हा हे महाशय डचांच्या फौजेचे सेनानी होऊन मूळ रहिवाशांवर स्वाऱ्या करत होते.

कुणी म्हणेल, ही एका तालेवार माणसाची गोष्ट झाली, त्यावरून व्यवस्थेला दोष कसा देता? दोष व्यवस्थेत लिहूनच ठेवला होता. त्याच संहितेचं ४३वं कलम म्हणतं की चाळिसांपेक्षा जास्त फटके कुणालाही मारू नयेत, आणि खऱ्या सभ्य गृहस्थाला फटक्यांची शिक्षा देऊच नये, त्याचा अपराध फारच लाजिरवाणा आणि चालचलणूक अगदीच बिघडलेली असल्याशिवाय. कोर्टांच्या नोंदींत जागोजागी ‘इतका दंड भरावा, नाहीतर फटके खावेत’ असे निकाल दिसतात. ज्याच्या खिशात पैसे त्याची लाज खिशातून गेली. ज्या नोकराकडे किंवा मोलकरणीकडे काही नव्हतं त्यांची पाठीवरून गेली. आणि मुळात व्यभिचार कशाला म्हणायचं? स्त्री विवाहित असेल तर. विवाहित पुरुष अविवाहित मुलीकडे गेला तर तो व्यभिचारी ठरतच नसे, त्याचा गुन्हा हलका. इंग्लंडमध्ये प्युरिटन सत्तेवर आले तेव्हा त्यांनी मे १६५० मध्ये हेच कायद्यात घातलं: विवाहित स्त्रीचा व्यभिचार म्हणजे मृत्युदंड, आणि विवाहित पुरुषाचा अविवाहित स्त्रीशी संबंध म्हणजे तीन महिने कैद. तो कायदा दहा वर्षं टिकला, राजा परत आला आणि तो गेला. त्याखाली शिक्षा फार थोड्यांना झाल्या, कारण इंग्लंडातल्या ज्युरींनाही तो पचला नाही. दोघांना सारखी शिक्षा होती हे जे आपण मघाशी मान्य केलं, ते फासाच्या खांबाशी खरं होतं. खांबापर्यंत कोण पोचणार याच्या व्याख्येत ते खरं नव्हतं.

प्लिमथच्या १६३९च्या एका निकालात हे सगळं एकवटलं आहे. डक्सबरीची विवाहित मेरी मेंडेम आणि टिन्सिन नावाचा मूळ रहिवासी. तिला गाडीच्या मागे बांधून रस्त्यारस्त्यांतून फटके मारत नेलं, डाव्या बाहीवर बिल्ला लावला आणि बजावलं की बिल्ल्याशिवाय दिसलीस तर तोंडावर तापलेल्या लोखंडानं डागू. त्याला गळ्यात दोर अडकवून खांबाशी फटके मारले आणि प्रकरण तेवढ्यावर संपलं, कारण भुलवलं ते तिनंच, असं कोर्टाचं मत. आपल्या काकांना हा निकाल वाचून दाखवला तर त्यांना तो ओळखीचा वाटेल. नावं बदलली की झालं.

आता प्युरिटनांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. काही म्हणा, पण धाक होता ना? सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि आसपासच्या वसाहतींत, लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांचं प्रमाण खरोखरच फार कमी होतं, हे इतिहासकारही सांगतात. पण मग एक साधा पडताळा करू. अक्षराचा कायदा १६९४चा. तो मॅसॅच्युसेट्समध्ये १७८५ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षं कागदावर राहिला. त्याच काळात काय झालं? लग्नाच्या वेळी आधीच दिवस गेलेल्या वधूंचं प्रमाण सतराव्या शतकाच्या अखेरीला दहा टक्क्यांच्या आत होतं, ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे ३० टक्क्यांवर गेलं. हे व्यभिचाराचे आकडे नव्हेत, मान्य. व्यभिचाराचे आकडे कोणाकडेच नसतात. तो गुन्हाच असा आहे की पकडला जातो तेवढाच मोजला जातो. पण वचक मोजायचा तर हाच आकडा जवळचा. लाज काढणारा कायदा जागच्या जागी, आणि वागणूक तिपटीनं बदललेली. मग सतराव्या शतकात माणसं कशामुळे आवरलेली होती? एकट्या माणसाला स्वतंत्र बिऱ्हाड करू न देणारी गावं, एकमेकांच्या स्वयंपाकघरात डोकावणारे शेजारी, जमिनीचा तुकडा बापाच्या हातात असल्यामुळे बापाच्या शब्दाबाहेर न जाणारी मुलं. जमिनी वाटून संपल्या, मुलं दुसऱ्या गावी गेली, आणि तो आवर सैल पडला. कापडाच्या अक्षराचा त्यात काय वाटा होता, ते ज्याला सापडेल त्यानं दाखवावं.

आणि फासाचं काय झालं? मेरी आणि जेम्सनंतर ज्युरींनी हात आखडला. बायबलमध्ये लिहिलंय, कायद्यात लिहिलंय, गव्हर्नर बघतोय. तरी शेजारच्या बाईला फासावर पाठवायला शेजारी तयार होईनात. मग त्यांनी एक पळवाट काढली: आरोपाप्रमाणे दोषी नाही, पण अतिशय निर्लज्ज वागणुकीबद्दल दोषी. म्हणजे गळ्यात दोर अडकवून फासाच्या खांबाखाली बसणं, फटके, दंड. पन्नास वर्षं असं चाललं. मग १६९४ मध्ये कायदेमंडळानं हा पराभव कायद्याच्या भाषेत लिहून काढला. गुन्हेगारानं तासभर फासाच्या चौकटीवर बसावं, गळ्यात दोर, दोराचं दुसरं टोक आडव्या खांबावरून टाकलेलं. तुरुंगाच्या वाटेवर जास्तीत जास्त चाळीस फटके. आणि त्यानंतर कायमचं, कपड्याच्या रंगाहून वेगळ्या रंगाच्या कापडाचं दोन इंच उंचीचं ‘ए’ हे अक्षर बाहीवर किंवा पाठीवर, सगळ्यांना दिसेल असं. अक्षराशिवाय आढळल्यास पंधरापर्यंत फटके. शिंपी कपडा बेतताना जितकं बारकाईनं बघेल तितक्या बारकाईनं केलेला हा कायदा आहे. रंग ठरला, उंची ठरली, जागा ठरली. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, किंवा येऊनही त्यांनी सोडून दिली: ‘कायमचं’ या एका शब्दानं त्यांनी स्वतःच्याच धर्माचा गळा दाबला. चर्च सांगत होतं की पश्चात्ताप झाला की माणूस परत येतो. सरकार सांगत होतं की बाही बघा, हा माणूस परत येऊ शकत नाही. अंडरहिलची मळकी टोपी एका दुपारपुरती होती. अक्षर मरेपर्यंत होतं. मग ज्याला पश्चात्ताप करायचा आहे त्यानं तो कशासाठी करावा?

काकांच्या बाजूचा कुणी शहाणा माणूस इथे विचारेल: ठीक आहे, लाज नको, शिक्षा नको. मग जिचा नवरा बाहेर गेला तिनं काय करायचं? हा प्रश्न रास्त आहे, आणि ‘प्युरिटन’ ही शिवी देणाऱ्या बाजूला त्याचं उत्तर सुचत नाही, कारण त्या बाजूच्या लेखी व्यभिचार ही दोन प्रौढांची खासगी बाब असते आणि तिसरा माणूस त्यात नसतोच. तिसरा असतो. प्युरिटनांना ते कळत होतं. त्यांच्या दृष्टीनं लग्न हा संस्कार नव्हता, करार होता. लग्न लावायचं काम धर्मोपदेशकाचं नसून न्यायाधीशाचं होतं, आणि करार मोडता येतो. इंग्लंडमध्ये १८५७ पर्यंत पुन्हा लग्न करता येईल असा पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटचा खास कायदा करून आणावा लागे. न्यू इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातच कोर्टं घटस्फोट देत होती. मोजके आणि बायकांना त्यातल्या त्यात अवघड जातील असे, पण देत होती. प्लिमथमध्ये १६६१ साली एलिझाबेथ बर्जला नवऱ्याच्या व्यभिचारावरून घटस्फोट मिळाला. नवऱ्याला फटके बसले, ते बघायला गाव जमलं असेल. एलिझाबेथला मात्र त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा मिळाला. त्या फटक्यांतल्या एकानं तरी तिच्या चुलीत लाकूड घातलं का? तो हिस्सा घातला असणार. प्युरिटनांनी जगाला दिलेली चांगली वस्तू ही होती, आणि आपण त्यांच्या नावानं आठवतो ते अक्षर.

आपल्याकडचा धागा इथे येऊन मिळतो. भारतीय दंड संहितेच्या मेकॉलेनं केलेल्या १८३७च्या मसुद्यात व्यभिचार हा गुन्हा नव्हता. १८६०च्या दंड संहितेत तो कलम ४९७ होऊन आला. त्यात शिक्षा फक्त पुरुषाला, आणि तीही ‘दुसऱ्याची बायको’ त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून भोगल्याबद्दल. बायको गुन्हेगार नाही म्हणून हा कायदा बायकांच्या बाजूचा, असं मुंबईच्या युसूफ अब्दुल अझीझ खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयालाही पटलं. खरं म्हणजे तिथे बाई गुन्हेगार नव्हती कारण ती मालमत्ता होती. प्लिमथचं आणि आपलं गणित एकच, फक्त बेरीज उलट बाजूनं केलेली. २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम गेलं. त्याच वर्षी, दोनच महिने आधी, मॅसॅच्युसेट्सनंही आपल्या कायद्यातून व्यभिचाराचा गुन्हा काढून टाकला होता. २०२३ मध्ये नव्या न्याय संहितेत तो स्त्री-पुरुष दोघांना लागू करून परत आणावा अशी शिफारस संसदीय समितीनं केली होती, ती मानली गेली नाही. बरं झालं. पण मराठी मुलखात हा विषय कायद्याच्या कलमात कधी मावलाच नव्हता. पेशवाईच्या कागदांत बदकर्माबद्दल किल्ल्यावर डांबलेल्या, कुणबीण म्हणून सरकारजमा झालेल्या बायका पानोपानी भेटतात. आणि जातपंचायतींनी लोकांना वाळीत टाकणं इतकं चालू होतं की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. पंचायतीचे पंचही हेच सांगत असतात की आम्ही जातीची अब्रू राखतो. बॉस्टनचे न्यायाधीश याहून वेगळं काय म्हणत होते?

परत फॉक्सबरोला. त्या दोघांची नावं मी लिहिली नाहीत; तुम्हाला ती माहीत असतील तर ती माहीत असण्याची तुम्हाला गरज होती का, हे तुम्हीच ठरवा. त्या व्हिडिओत बाजूला हसणारी तिसरी बाई कोण, हे शोधून काढण्याच्या नादात लोकांनी कंपनीतल्या एका भलत्याच सहकारी महिलेचं नाव फिरवलं. ती त्या संध्याकाळी तिथे नव्हतीच. कंपनीला तसं जाहीर करावं लागलं. १६४४ च्या बॉस्टनमध्ये बारा नावं एका कबुलीवर टिकली नाहीत. आपल्या काळात एक नाव शून्य पुराव्यावर जगभर गेलं. कोण जास्त कडक, ते बघा.

आणि हे सगळं लिहून झाल्यावर मी सोसायटीच्या ग्रुपवर काकांना फक्त एक प्रश्न टाकला. म्हटलं, हा व्हिडिओ आपण इतक्या वेळा बघितला, त्यातून त्या दोघांच्या घरच्यांना काय मिळालं?

काकांचं उत्तर लगेच आलं. ‘त्यांचा इथे काय संबंध?’